परवानगी येईपर्यंत गप्प बसू नका (नमुने, ऑफिस आणि माझे वाया गेलेले सात महिने)

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि नंतर बराच वेळ झोप लागली नाही. मी कशाचं उत्तर देतेय ते इतरांना कळावं म्हणून थोडक्यात पुन्हा मांडते. तुम्ही पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षाला आहात. विद्यापीठातल्या जीवशास्त्र विभागांच्या संशोधन मेळाव्यात पोस्टर लावलंत, तिथे एका परदेशी प्राध्यापकांनी तुमचं बुरशीचं कल्चर (प्रयोगशाळेत वाढवलेली जिवंत बुरशी) मागितलं आणि तुम्ही हो म्हणालात. ऑफिसात अर्ज देऊन सात आठवडे झाले, उत्तर नाही. शेवटी तुम्ही लिहिलंय, "परवानगी हातात नसताना त्यांना कुठल्या तोंडाने मेल करू?"

त्या एका वाक्यासाठी हे सगळं लिहितेय. पोस्टर कसं करावं, ओळख कशी करून द्यावी यावर बाकीच्यांनी लिहिलंच आहे, त्यात मी शिरत नाही. तुम्ही आजच मेल करा. परवानगी नाही हेच मेलमध्ये लिहा.

माझी गोष्ट २०१६ च्या हिवाळ्यातली. विषय होता नरक्याच्या झाडात राहणाऱ्या बुरशा. नरक्या म्हणजे नोथापोडायटिस निम्मोनियाना, सह्याद्रीतलं झाड, लाकूड तोडलं की घाण वास येतो. त्यात कॅम्प्टोथेसिन असतं. कॅन्सरवरची टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही औषधं त्याच्यापासूनच बनतात. हे रसायन पहिल्यांदा वेगळं केलं ते १९६६ मध्ये अमेरिकेत, एका चिनी झाडातून, मनरो वॉल आणि मनसुख वाणी यांनी. वाणी जन्माने आपल्या नंदुरबारचे. पोस्टरसमोर कुणी घुटमळलं की मी इथूनच सुरुवात करायचे आणि माणूस हमखास थांबायचा. १९७२ मध्ये तेच रसायन नरक्यात सापडलं आणि मग या झाडावर कुऱ्हाड चालली. २००५ मध्ये जम्मूच्या संशोधकांनी दाखवलं की नरक्याच्या आत राहणारी एक बुरशीसुद्धा कॅम्प्टोथेसिन तयार करते. झाड न तोडता औषध मिळेल, या आशेवर आमच्यासारखे कितीतरी जण कामाला लागले.

माझ्याकडे एकोणीस बुरशा होत्या. त्यातल्या एकीला मी एन-११ म्हणायचे. तिचा अर्क सिलिकाच्या प्लेटवर चढवून अंधाऱ्या खोलीत ३६५ नॅनोमीटरच्या दिव्याखाली धरला की शुद्ध कॅम्प्टोथेसिनच्या नमुन्याच्या अगदी रेषेत एक निळा ठिपका चमकायचा. पहिल्यांदा दिसला तेव्हा मी मैत्रिणीला हाताला धरून ओढत आणलं होतं. एचपीएलसीवरही (मिश्रणातली रसायनं वेगळी करून आलेखावर दाखवणारं यंत्र) शिखर त्याच वेळेला आलं.

आमच्याही विद्यापीठाच्या मेळाव्यात जर्मनीतल्या एका विद्यापीठाचे प्राध्यापक माझ्या पोस्टरपाशी आले. चहाच्या सुट्टीनंतरची वेळ, हॉल निम्मा रिकामा. त्यांनी वाकून क्रोमॅटोग्राम (तोच एचपीएलसीचा आलेख) पाहिला, तीन प्रश्न विचारले. कल्चर कितव्या पिढीचं आहे, म्हणजे झाडातून काढल्यापासून किती वेळा नव्याने उतरवलंय, हा त्यातला पहिला होता. तेव्हा त्या प्रश्नाचं महत्त्व मला समजलं नाही. मग म्हणाले, आम्ही हिचा जिनोम सिक्वेन्स करू, पाठवता येईल का? आणि जमलं तर तुम्हीच तीन-चार महिने या, डीएएडीच्या (जर्मनीतली शिष्यवृत्त्या देणारी संस्था) शिष्यवृत्तीसाठी मी पत्र देतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली मी. फक्त "येस सर" म्हणाले, दोनदा म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी अर्ज दिला. ज्या कार्यालयात दिला त्याचं नाव घेत नाही, तिथली माणसं बदलली असतील आणि आता कुणाला दोष देऊन काही परत येणार नाही. पण खिडकीवरची उत्तरं पाठ आहेत. "फाईल वर गेलीय." "सही बाकी आहे." "विभागप्रमुखांचं पत्र जोडा." पत्र जोडलं. मग संबंधित टेबलवरच्या बाई रजेवर गेल्या आणि चार्ज कुणाकडे द्यायचा ते ठरत नव्हतं. मी दर सोमवारी जायचे. बरोबर सात महिन्यांनी फाईल परत आली. शेरा एका ओळीचा होता: "सदर बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही." हे पहिल्या सोमवारी सांगता आलं असतं. अजूनही ती ओळ आठवली की हात थरथरतात.

खरं नुकसान मात्र ऑफिसने केलं नाही, मी केलं. प्राध्यापकांचा पहिला मेल दहा दिवसांत आला होता, दुसरा दोन महिन्यांनी. मी एकालाही उत्तर दिलं नाही. गाईड म्हणाले, "आधी परवानगी येऊ दे, अर्धवट काय लिहिणार?" सर माणूस म्हणून फार चांगले, पण हा सल्ला चुकीचा होता. मला लाज वाटत होती. आपल्याकडचं ऑफिस असं चालतं हे परक्या माणसाला कसं सांगायचं, असं वाटायचं. ड्राफ्टमध्ये चार मेल पडून होते, चारही "परवानगी लवकरच अपेक्षित आहे" अशा वाक्यापाशी थांबलेले.

तिकडे फ्रीजमध्ये एन-११ चं काय होत होतं? दर तीन आठवड्यांनी मी ती नव्या पीडीएवर (बुरशी वाढवायचं बटाट्याचं आगर) उतरवत होते. तीच वाढ, तोच राखाडी रंग, कडेची तीच पांढरी झालर. चौथ्या महिन्यात ठिपका फिका वाटला. प्लेट नीट चढली नसेल म्हणून पुन्हा केली. सहाव्या महिन्यात डोळे ताणून बघावं लागलं. फाईल परत आली त्या आठवड्यात दिव्याखाली काहीच नव्हतं. झाडाबाहेर पुन्हा पुन्हा उतरवलेल्या अशा बुरशांची हे रसायन बनवण्याची क्षमता कमी होत जाते, हे या क्षेत्रात माहीत असलेलं आहे. त्यांचा पहिला प्रश्न त्यासाठी होता. आणि मी सुरुवातीच्या पिढीचा एकही स्टॉक जपला नव्हता, कारण "आता पाठवायचंच आहे, तिकडे ते करतील."

म्हणून मेलच्याही आधी एक काम. तुमच्याकडची सगळ्यात जुनी पिढी आज उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमध्ये टाका. आगरचे छोटे तुकडे, २० टक्के ग्लिसरॉल, किमान सहा कुप्या, शक्य तर दोन वेगळ्या फ्रीजरमध्ये. शिवाय पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे, तिथे कल्चर जमा करा. नंबर मिळतो, तो पेपरमध्ये देता येतो, आणि तुमच्या विभागाची वीज गेली म्हणून चार वर्षांचं काम जात नाही.

आता परवानगीबद्दल. मी कायद्याची जाणकार नाही, हे एका पोळलेल्या विद्यार्थिनीचं ज्ञान आहे असं समजा. जैवविविधता कायदा २००२ चा. आपल्याकडचं जैविक साहित्य परदेशी संस्थेला संशोधनासाठी द्यायचं तर विषय चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे जातो. सरकारी मार्गदर्शक तत्त्वांनुसार मान्य झालेल्या सहयोगी प्रकल्पांना कलम ५ मध्ये सूट आहे, पण मेळाव्यात तोंडी ठरलेली गोष्ट म्हणजे मान्य प्रकल्प नव्हे. २०२३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. त्यामुळे कुठला फॉर्म, किती फी हे माझ्याकडून किंवा सीनियरच्या जुन्या फाईलमधून घेऊ नका, प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून घ्या. आणि कृपा करून "एक कुपी खिशात टाकून ने, कोण बघतंय" असा सल्ला देणाऱ्यांचं ऐकू नका. इथेही वर एकाने तसं लिहिलंय. पूर्वी या कायद्यात तुरुंगवासाची तरतूद होती, आता मोठा दंड आहे. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तसं नेलेलं कल्चर कुठल्याही चांगल्या पेपरात वापरता येत नाही.

कारण तिकडेही नियम आहे. एका देशाचं जैविक साहित्य दुसऱ्याने कसं वापरायचं याबद्दलचा आंतरराष्ट्रीय नागोया करार ऑक्टोबर २०१४ मध्ये अमलात आला आणि युरोपीय संघाने त्याच वर्षी आपला नियम केला. बाहेरच्या देशातून आलेलं जैविक साहित्य रीतसर मिळवलंय का, हे तिथल्या संशोधकाला दाखवावं लागतं. हे मला २०१९ मध्ये कळलं, तेही त्याच प्राध्यापकांकडून. एका चर्चासत्रात ते व्याख्यानाला आले होते. मी मागच्या रांगेत बसले होते, समोर जायचं धाडस होत नव्हतं. जेवणाच्या रांगेत त्यांनीच ओळखलं, नाव आठवत नव्हतं पण झाड आठवत होतं. मी कसंबसं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "परवानगी लागते हे मला माहीत होतं. आमच्या विद्यापीठानेच कागद मागितले असते. आमच्या बाजूचा मसुदा तयार होता. तुमचं उत्तर आलं नाही, मला वाटलं तुम्ही दुसऱ्या कुणाबरोबर काम सुरू केलंत." ती जागा त्या वर्षी दुसऱ्या देशातल्या विद्यार्थ्याला गेली होती. ते रागावले नव्हते, त्याचंच मला जास्त लागलं.

तर तुमचा मेल. पाच-सहा ओळी पुरेत. कुठे भेटलो, कुठलं पोस्टर. कल्चर पाठवायला भारतात अमुक प्राधिकरणाची परवानगी लागते, ती अजून नाही, अर्ज अमुक तारखेला दिलाय. तुमच्याकडून सहकार्याचं पत्र मिळालं तर अर्जाला जोडता येईल. तोपर्यंत इथे काय करता येईल ते सुचवा. या शेवटच्या ओळीवर माझा भर आहे. सिक्वेन्सिंग आणि मास स्पेक्ट्रोमेट्री आता पुण्या-मुंबईतही होतं, पैसे लागतात पण होतं. गाईडना सीसी करा, आधी तोंडी सांगून करा. त्यांना न विचारता परस्पर मेल गेला तर दुखावतील, आणि अर्जावर सही त्यांचीच लागणार आहे.

ऑफिसबद्दल एवढंच: अर्ज दिलात तर आवक क्रमांक घ्या आणि पहिल्याच भेटीत विचारा, "हा विषय तुमच्याकडे येतो का? नसेल तर तसं लेखी द्या." माझे सात महिने या एका प्रश्नात वाचले असते.

विषय निघालाच आहे तर आणखी थोडं. काहींना पटणार नाही, हरकत नाही.

अशा मेळाव्यांत मोठ्या वक्त्याभोवती गर्दी असते. त्यांच्याबरोबर आलेल्या पोस्टडॉकशी (पीएच.डी.नंतर त्यांच्या प्रयोगशाळेत काम करणारा संशोधक) बोला. कल्चर शेवटी तोच हाताळणार असतो आणि मेलला उत्तरही तोच देतो. बंगळूरला एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत जानेवारीत वार्षिक व्याख्यानं होतात, तिथे मी हेच केलं आणि तिथे झालेल्या दोन ओळखी आजही टिकून आहेत. इंग्रजीची भीती तुम्ही लिहिलीत, मलाही होती. व्याख्यानाचा सारांश आदल्या रात्री वाचून एक प्रश्न वहीत लिहून न्यायचे आणि हात वर करून तो वाचून विचारायचे. कुणी हसलं नाही.

पोस्टरवर काय लावायचं याचाही विचार करा. गॉर्डन या नावाच्या आंतरराष्ट्रीय संशोधन परिषदांमध्ये अप्रकाशित काम मांडतात म्हणून फोटो काढायला मनाई असते. आपल्याकडे जो येतो तो आधी मोबाईल काढतो. पेटंटचा विचार असेल तर पोस्टर लावायच्या आधी विद्यापीठाच्या पेटंट कक्षाला भेटा. एकदा जाहीर मांडलेल्या गोष्टीला भारतात फार मर्यादित सवलत आहे आणि युरोपात जवळजवळ नाहीच.

आणि त्या "आंतरराष्ट्रीय परिषदा", ज्यांचे मेल आपल्याला आठवड्याला चार येतात! नोंदणीचे हजारो रुपये, एका दिवसात शंभर सादरीकरणं, प्रत्येकी पाच मिनिटं, शेवटी प्रमाणपत्र. शिष्यवृत्तीवर जगणारी मुलं पदरचे पैसे घालून जातात कारण अर्जात रकाना भरायचा असतो. मला याचा मनापासून राग येतो. त्याच पैशांत एखाद्या चांगल्या प्रयोगशाळेत आठवडाभर राहून तंत्र शिकता येतं. तुमच्या विद्यापीठाचा मेळावा छोटा असेल, पण तिथे माणूस तुमच्या पोस्टरसमोर दहा मिनिटं थांबला. ते खरं आहे.

मी नंतर नरक्याच्या फांद्या पुन्हा आणल्या, वनविभागाची परवानगी घेऊन, दोन पावसाळे. एन-११ सारखी दुसरी सापडली नाही. पीएच.डी. झाली, वेगळ्या निष्कर्षांवर झाली. आता शिकवते.

मेलचा मसुदा इथे टाका, नाव-गाव काढून. आज रात्री दहानंतर मी बघेन, इंग्रजी नीट करून देईन. आणि कुप्यांवर तारखेबरोबर पिढीचा आकडा लिहायला विसरू नका, पेन्सिलीने, मार्कर उणे ऐंशीत पुसला जातो.