काळ्या गाडीवरचे स्वर्ल काढायचेत? आधी हे वाच

अरे, आधी कारण बंद कर, नाहीतर आज पॉलिश केलंस तरी स्वर्ल, म्हणजे उन्हात दिसणारं बारीक गोल ओरखड्यांचं जाळं, परत येणारच. सोसायटीत सकाळी एकाच बादलीत तेच फडकं बुचकळून सगळ्यांच्या गाड्या पुसतात ना, स्वर्ल तिथूनच येतात, ते थांबव आणि स्वतः दोन बादल्या (एक शाम्पूची, एक मिट खंगाळायची), कार शाम्पू, मायक्रोफायबर मिट (धुवायचा मऊ हातमोजा) घेऊन धू. मग क्ले बार (पेंटला चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी) फिरव, भरपूर लुब्रिकंट मारून. ओरखड्यावर नख फिरव, अडकलं तर तो खोल आहे, त्याच्या मागे लागू नकोस, क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) साधारण ४०-५० मायक्रॉनचाच असतो आणि घासून गेला की रीपेंटशिवाय इलाज नाही.

पॉलिशिंग मशीन ड्युअल अ‍ॅक्शनच (पॅड गोल फिरतं आणि डोलतंही) घे, रोटरी (नुसती गोल फिरणारी) नवख्या हातात पेंट जाळते. सॉफ्ट फोम पॅड आणि फिनिशिंग पॉलिशने बॉनेटवर दीड-दोन फुटांचा एकच चौकोन करून बघ, सावलीत, पत्रा गार असताना, आणि मग पाणी घातलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून टॉर्च मार, कारण पॉलिशमधलं तेल बारीक रेघा लपवतं. तेवढ्याने भागलं तर कटिंग कंपाऊंडला (जास्त घासणारं पॉलिश) हातच लावू नकोस, काळ्यावर त्याचा धुरकटपणा फार दिसतो. कडांना मास्किंग टेप लाव, तिथे कोट पातळ असतो. शेवटी सीलंट (पेंटवरचा संरक्षक लेप) मार.