बाळासाठी आधी काय घ्यायचं?

लांबलचक यादी बघून घाबरू नका, पहिल्या तीन महिन्यांत फार थोडं लागतं.

- सुती लंगोट 24. दिवसाला दहा-बारा सहज ओले होतात आणि पावसाळ्यात लवकर वाळत नाहीत.
- पुढून बांधायची झबली 6, दुपटी 6, रबरी कापडं 2. नवजात मापाची झबली जास्त नकोत, दीड-दोन महिन्यांत आखूड होतात.
- गाडी असेल तर बाळाचं तोंड मागे राहील अशी कार सीट. इथे काटकसर नको. अपघातातली जुनी सीट तर मुळीच नको.

स्टरिलायझर, बाटल्यांचा संच आत्ताच घेऊ नका. आईचं काढून ठेवलेलं दूध पाजायला उकळलेली वाटी-चमचा पुरतो. उशी आणि मऊ गादी टाळा, नाक-तोंड रुतून श्वास कोंडतो. बाळाला आत बसवायचा चाकांचा वॉकर भेट आला तरी वापरू नका: चालणं लवकर येत नाही, जिन्यावरून पडण्याचा धोका मात्र वाढतो. कॅनडात 2004पासून त्याच्या विक्रीवर बंदीच आहे. उभं राहून ढकलायच्या पांगुळगाड्याचं मात्र, बाळ उभं राहू लागल्यावर बघू.