पंचनामा कोण करतं?

‘पोलिसांनी घटनास्थळी धाव घेऊन पंचनामा केला’ हे वाक्य रोजच्या पेपरात असतं. त्यावरून एका वाचकाने दोन गोष्टी विचारल्या आहेत. शब्दात पंच आहेत, मग पंचनामा पोलीस कसा करतात? आणि झडती, जप्ती, पंचनामा हे सगळं एकच का?

आधी शब्द पाहू. ‘पंच’ संस्कृत, ‘नामा’ फारसी. नामा म्हणजे लेख, कागद. करारनामा, जाहीरनामा, राजीनामा, मुखत्यारनामा यांतला हाच नामा. त्या हिशेबाने पंचनामा म्हणजे पंचांनी लिहून दिलेला कागद. आणि कागद उघडून पाहिला तर त्याची भाषाही तसंच सांगते. सुरुवात साधारण अशी असते : आम्ही खाली सह्या करणारे पंच, अमुक पोलीस ठाण्याच्या अंमलदारांनी बोलावल्यावरून अमुक ठिकाणी हजर झालो, आणि समक्ष पाहून पंचनामा लिहून देतो की… पुढे जागेचं वर्णन, चतुःसीमा, म्हणजे पूर्वेस रस्ता, पश्चिमेस अमक्याचं घर, मग रक्ताचे डाग कुठे, दार कोणत्या बाजूने तुटलेलं, कोणती वस्तू कोणत्या पाकिटात घालून तिला पंचांच्या सह्यांची चिठ्ठी लावून सील केली. सुरू केल्याची आणि संपवल्याची वेळ. शेवटी ‘आमच्या सांगण्याप्रमाणे बरोबर लिहिला आहे’ आणि सह्या. लेखणी हवालदाराच्या हातात असली तरी वाक्याचा कर्ता ‘आम्ही’ आहे, आणि तो ‘आम्ही’ म्हणजे पोलीस नव्हेत.

म्हणून ‘पोलिसांनी पंचनामा केला’ हे चूक का? मी चूक म्हणणार नाही, इतकं ते रुळलेलं आहे. पण त्यात पंच गळून पडतात, आणि गळू नयेत तेच नेमके गळतात. ‘पोलिसांनी पंचांसमक्ष पंचनामा केला’ असं लिहिलं तर एकच शब्द वाढतो आणि सगळं चित्र सरळ होतं. वार्ताहरांनी तो शब्द लिहावाच, असं माझं आग्रहाचं म्हणणं आहे.

गंमत म्हणजे आपल्या फौजदारी कायद्याच्या मूळ इंग्रजी मजकुरात पंचनामा हा शब्दच नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० मध्ये होती तीच गोष्ट १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०३ मध्ये आहे : झडती घेण्याआधी त्या वस्तीतले दोन किंवा अधिक स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी, म्हणजेच आपले पंच, बोलवावेत, त्यांच्यासमोर झडती व्हावी, सापडलेल्या वस्तूंची यादी करून तिच्यावर त्यांच्या सह्या घ्याव्यात. त्या जागेत राहणाऱ्याला हजर राहू द्यावं, यादीची प्रत त्याला द्यावी. पाच माणसं लागत नाहीत, दोन पुरतात. गावपंचायतीतला पंच निवाडा करायचा; हा पंच निवाडा करत नाही, डोळ्यांना दिसलं तेवढंच सांगतो. भांडण कोणी सुरू केलं हे त्याने सांगायचं नसतं, कारण ते त्याने पाहिलेलं नसतं.

आता झडती आणि जप्ती. झडती म्हणजे शोध : घरझडती, अंगझडती. स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच, सभ्यता राखून घ्यायची, हे कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे. जप्ती म्हणजे सापडलेली वस्तू ताब्यात घेणं. चोरीची वाटणारी किंवा गुन्ह्याचा संशय येईल अशा स्थितीत मिळालेली मालमत्ता पोलीस जप्त करू शकतात, पूर्वीचं कलम १०२, आताचं १०६. जप्त झाला की त्या मालाला पोलिसी भाषेत ‘मुद्देमाल’ म्हणतात. झडती आणि जप्ती या कृती, पंचनामा हा त्यांचा लेख. झडती होऊन काहीच सापडलं नाही तरी पंचनामा होतो. जागेच्या पंचनाम्यात झडती असेलच असं नाही.

इथे बातम्यांत आणखी एक घोळ दिसतो : ‘पोलिसांनी बंगला जप्त केला’. महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली ठरवलं की कलम १०२ खाली पोलिसांना स्थावर मालमत्ता जप्त करता येत नाही. घराला पहारा बसतो, ते बंद ठेवलं जातं. पण त्याला जप्ती म्हणू नये. बँकेतल्या खात्यासाठी मात्र ‘गोठवलं’ हा शब्द छान रुळला आहे, तो तसाच राहू द्यावा.

नव्या संहितेच्या कलम १०५ ने झडती आणि जप्तीचं दृक्‌श्राव्य चित्रीकरण सक्तीचं केलं, तेही शक्यतो मोबाइलवर. मग पंच कशाला, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. यादीवर पंचांची सही तिथेही लागतेच, आणि कोर्टात उलटतपासाला उत्तर माणूसच देतो. पंचनामा हा स्वतः पुरावा ठरत नाही. पंच साक्षीला उभा राहून बोलतो तेव्हा त्याला वजन येतं. तो उलटला की ‘पंच फितूर झाला’ म्हणतात. तेव्हा पंच म्हणून कोणी बोलावलं तर कागद पुरता वाचल्याशिवाय सही करू नका. तो ‘आम्ही’ तुम्ही असता. उगाच नकारही देऊ नका : लेखी आदेश मिळूनही रास्त कारणाशिवाय झडतीला हजर राहायचं टाळलं तर तोही गुन्हा आहे.

संशयास्पद मृत्यूच्या वेळी मृतदेहाचा होतो तो मरणोत्तर पंचनामा, पोलिसांच्या बोलण्यात ‘इन्क्वेस्ट’. अंगावरच्या जखमा, खरचटलेलं, हाड मोडलेलं, जे दिसेल ते त्यात येतं. कायद्याची शब्दयोजना इथे फार नेमकी आहे : अहवालावर पोलीस अधिकाऱ्यासोबत त्यातल्या मजकुराशी सहमत असलेल्यांनी सही करायची. असहमत असलेल्याने करायची नाही. हा पंचनामा म्हणजे शवविच्छेदन नव्हे, ते डॉक्टर करतात आणि नंतर करतात. त्यामुळे ‘पंचनामा करून मृतदेह शवविच्छेदनासाठी पाठवला’ हे बातमीतलं वाक्य क्रमाने अगदी बरोबर आहे, फक्त ‘पंचांसमक्ष’ तेवढं घाला.