सही मिस्टरांची, कॉपर टी माझ्या अंगात

"ताई, पहिल्या बाळंतपणात फॉर्मवर मिस्टरांची सही घेतली, माझी नाही. मी कळांनी बेजार, चष्माही काढून ठेवलेला. खाली कापलंय हे टाके घालताना कळलं. दीड वर्षाने अंगावरून खूप जायला लागलं म्हणून सोनोग्राफी केली तर डॉक्टर म्हणाल्या, कॉपर टी आहे ना तुम्हाला! मला माहीतच नव्हतं. सासूबाई म्हणतात सगळ्यांनाच बसवतात, एवढं काय त्यात. आता परत सातवा लागलाय. प्रश्न विचारले तर डॉक्टर राग धरतील का?"

अगं, ते "एवढं काय त्यात" वाचून माझा चहा गार झाला. कॉपर टी वाईट नाही गं, वार पडल्यावर लगेच किंवा 48 तासांत बसवता येते आणि कितीतरी जणी मागून घेतात. पण तुला विचारलंच नाही ना, मग ती चांगली का वाईट हा मुद्दाच उरत नाही.

मिस्टरांच्या सहीचं सांगते. 2008 ला सुप्रीम कोर्टात समीरा कोहली केसचा निकाल लागला. बाई नुसत्या तपासणीसाठी भूल घेऊन झोपलेली, बाहेर बसलेल्या आईकडून हो म्हणून घेतलं आणि गर्भाशय, अंडाशय सगळं काढून टाकलं. कोर्ट म्हणालं पेशंट सज्ञान आहे, जिवाला धोका नव्हता, शुद्धीवर येईपर्यंत थांबायचं होतं, आईचं हो चालणार नाही. भरपाई किती, तर 25 हजार! (वाचून मलाच कसंतरी झालं.) पण जिथे आईचं चाललं नाही तिथे नवऱ्याचं कसं चालेल, तूच सांग.

टाक्यांचं म्हणशील तर सरसकट कापू नका असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2018 लाच सांगितलंय. कधी गरज पडते, बाळाचे ठोके कमी झाले की घाई असते, तेव्हा कुणी लेक्चर देत बसणार नाही. पण "ताई, थोडं कापावं लागतंय" एवढं बोलायला दोन सेकंद लागतात.

आता रागाचं. प्रश्न कळा सुरू झाल्यावर विचारू नकोस, पुढच्या व्हिजिटलाच विचार, आणि मिस्टरांना शेजारी बसव म्हणजे त्यांनाही कळेल की सही कुणाची लागते. सरळ म्हण, मॅडम मागच्या वेळी असं असं झालं, मला भीती बसलीये, यावेळी जे कराल ते आधी मला सांगाल का? चांगली डॉक्टर यावर चिडत नाही. चिडलीच तर बरंच झालं, दवाखाना बदलायला दोन महिने आहेत तुझ्याकडे. "कॉपर टी नको" हे फाईलवर त्यांच्याच हाताने लिहून घे. सरकारी दवाखान्यात जाणार असशील तर लेबर रूममध्ये सोबतीला एक बाई घेता येते, 2016 पासून तशी सूचना आहे, आईला किंवा बहिणीला आत्ताच विचारून ठेव.

जुन्या दवाखान्यातून केसपेपर माग, लेखी अर्ज दे, 72 तासांत कॉपी द्यावी लागते. भांडायचं की नाही ते नंतर ठरव, आधी कागद हातात येऊ दे.

आणि सासूबाईंशी वाद घालत बसू नकोस, त्यांनाही कुणी विचारलं नसणार.

बॅग भरताना जुना चष्मा पण टाक त्यात, फॉर्मवरची अक्षरं फार बारीक असतात.