चार मांजरांच्या घरात लिटर ट्रे कुठे आणि कसे मांडावेत?

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. घरात एक म्हातारी भाटी, दोघी सख्ख्या बहिणी आणि दिवाळीनंतर आणलेला तरुण बोका. न्हाणीत शेजारी शेजारी ठेवलेले दोन ट्रे. तरीही कापसाच्या गंजीवर कोणीतरी शू करतंय, दाराच्या चौकटीला उग्र वास येतोय. त्यात तुम्हाला चौथा महिना लागलाय, म्हणून सासूबाई म्हणतात मांजरं बाजाराच्या गावी सोडून या. तुम्ही विचारलंय, कोणतं लिटर आणलं म्हणजे हे थांबेल.

माझं मत स्पष्ट सांगते. नुसतं लिटर बदलून हे थांबणार नाही, अडचण जागेची आहे. आणि मांजरं सोडून यायची काहीच गरज नाही, त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय.

सगळ्यात आधी बोक्याकडे लक्ष द्या. तो ट्रेमध्ये वारंवार बसतोय का, जोर करूनही थेंबभरच येतंय का, ओरडतोय किंवा सारखी तीच जागा चाटतोय का? असं असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, रात्र जाऊ देऊ नका. बोक्याची मूत्रनळी अरुंद असते, ती तुंबली तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. पोट साफ होत नसेल असं समजून घरी तेल पाजत बसणारे लोक मी पाहिलेत, आणि त्यात जनावर हातचं जातं. उन्हाळ्यात पाण्याकडे जास्त लक्ष द्या, कारण आपल्याकडे विदर्भात पारा ४५ च्या वर जातो आणि मांजर मुळात पाणी कमी पिते. घरात दोन-तीन ठिकाणी पसरट भांड्यात पाणी ठेवा, ट्रेपासून लांब.

आता तुमच्या घरात बहुधा दोन वेगळ्या गोष्टी चालल्यात. चौकटीचा वास म्हणजे फवारा. बोका उभा राहतो, शेपटी वर करून थरथरवतो आणि भिंतीवर, पोत्यावर, चौकटीवर थोडीशीच धार मारतो. ही हद्द आखणं आहे, त्याचा ट्रेशी फारसा संबंध नाही. त्यावर उपाय नसबंदी. ऑपरेशननंतर बहुतेक बोक्यांचा फवारा थांबतो किंवा खूप कमी होतो, पण वास लगेच जात नाही, काही आठवडे द्या. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी फोन करून विचारा. तिथे रोजचं काम गाई-बैल-बकऱ्यांचं, त्यामुळे मांजराचं ऑपरेशन होईलच असं नाही. नाही झालं तर नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, अकोल्याकडच्या लोकांना तिथली पदव्युत्तर पशुवैद्यक संस्था आहे.

कापसावरची शू मात्र बसून केलेली आहे. तुम्हीच लिहिलंय की खड्डा केल्यासारखा कापूस उकरलेला दिसतो आणि ओल बरीच असते. ही मांजर ट्रे टाळतेय, आणि तिला उकरायला मऊ, शोषून घेणारी, कोणी न फिरकणारी जागा सापडलीय. बोका आणि कापूस एकाच सुमारास घरात आले, म्हणून सगळा आळ बोक्यावर गेलाय. मला संशय म्हाताऱ्या भाटीचा आहे.

कारण तुमची न्हाणी. तिला दार एक, आणि दोन्ही ट्रे आत टोकाला. तुम्ही म्हणता चौघांचं छान जमतं, कधी मारामारी नाही. पण मांजरांची दादागिरी बहुतेक वेळा आवाज न करताच चालते. एक दिवस संध्याकाळी माजघरात शांत बसून बघा. बोका न्हाणीच्या वाटेवर आडवा पसरलेला असेल, काही करत नसेल, नुसता बघत असेल. म्हातारी उंबऱ्यापर्यंत येईल, पुढचा एक पाय उचलून थांबेल, कान थोडे मागे घेईल आणि पाणी प्यायला आल्यासारखी वळून जाईल. अर्ध्या तासाने ती कापसाच्या खोलीत असेल. माझ्या घरी अगदी हेच बघितलंय, आणि ज्यांच्या घरी जाऊन ट्रे मांडून दिले तिथेही.

मांजराच्या हिशेबाने शेजारी ठेवलेले दोन ट्रे म्हणजे एकच ट्रे. वाट अडली की दोन्ही गेले. जाणकार सांगतात, मांजरं जितकी त्यापेक्षा एक ट्रे जास्त. म्हणजे तुम्हाला पाच. कवेलूच्या जुन्या घरात पाच जागा काढणं सोपं नाही हे मला कळतं, म्हणून त्या आकड्यावर अडून बसू नका. गट मोजा. एकमेकींना चाटणाऱ्या, अंगाला अंग लावून झोपणाऱ्या दोघी बहिणींचा एक गट, म्हातारी वेगळी, बोका वेगळा. तीन गट आणि वर एक, अशी चार ठिकाणं मात्र हवीतच, आणि ती एकमेकांपासून दिसू नयेत अशी.

घराची जी मांडणी तुम्ही सांगितली त्यावरून मी असं करेन. न्हाणीतला एक ट्रे तिथेच राहू द्या, सवयीचा आहे. दुसरा माजघराच्या कोपऱ्यात, म्हातारीच्या झोपायच्या जागेजवळ, कारण या वयात सांधे दुखतात आणि रात्री लांब जायचा कंटाळा येतो. तिसरा मागच्या सपरीत, बोका दिवसभर तिथेच असतो. चौथा थेट कापसाच्या खोलीत, ज्या बाजूने ती गंजीवर चढते तिथेच. सासूबाईंना हे पटणार नाही, पण जिथे मांजर जाते तिथेच ट्रे ठेवला तर ती तो धरते. ट्रे रुळला की रोज वीतभर सरकवत दाराकडे आणता येतो. गंजीवर ताडपत्री ताणून कडेला विटा ठेवा. खराब झालेला कापूस काढून टाका, पिवळा पडलेला आणि वासाचा कापूस चांगल्यात मिसळून विकायला नेऊ नका. सीसीआय, म्हणजे कापूस खरेदी करणारं सरकारी महामंडळ, ८ टक्क्यांच्या वर ओलावा गेला की भाव कापते आणि १२ च्या वर माल घेत नाही, त्यामुळे ही गंजी कोरडी राहणं तुमच्याही हिताचं आहे.

प्रत्येक ट्रेची पाठ भिंतीला हवी, पण बसल्या जागेवरून दार दिसलं पाहिजे आणि शक्यतो दोन बाजूंनी निघता आलं पाहिजे. कूलरसमोर ट्रे नको. आवाजाने मांजर बिचकते आणि दमट हवेने लिटरचा चिखल होतो. टिनाखालच्या सपरीत मे महिन्यात दुपारी उभं राहवत नाही, तेव्हा तो ट्रे उन्हाळ्यापुरता आत घ्या. झाकणवाले, घरासारखे ट्रे अनेक मांजरांच्या घरात घेऊ नका. आत गेलेल्या मांजराला बाहेर कोण दबा धरून बसलंय ते दिसत नाही.

ट्रेचा आकार लोक फार लहान घेतात. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या लांबीच्या दीडपट ट्रे हवा, म्हणजे मोठ्या मांजराला दोन फुटांच्या वर. बांधकामाचं घमेलं पिल्लांना ठीक, मोठ्यांना अपुरं. संत्र्याच्या क्रेटला खालून-बाजूने फटी असतात, शू झिरपते. आपल्याकडे सगळ्यात चांगलं जमतं ते निळ्या ड्रमचं. २०० लिटरचा प्लास्टिकचा ड्रम साधारण दोन फूट रुंद असतो. बुडापासून फूटभर उंचीवर आडवा कापायचा, म्हणजे उकरताना लिटर बाहेर उडत नाही. पुढच्या बाजूला आत यायला वीतभर रुंद खाच घ्यायची, म्हातारीसाठी तिची उंची जमिनीपासून चार बोटंच ठेवा. कापलेली कड पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करा आणि वर जुना पाण्याचा पाईप उभा चिरून बसवा, म्हणजे पोटाला लागत नाही. एक मात्र बघून घ्या, ड्रम फवारणीच्या औषधाचा किंवा केमिकलचा नको. कितीही धुतला तरी नको.

आता लिटर. गोळे होणारं लिटर म्हणजे बहुतेक वेळा बेंटोनाइट माती, देशात ती मुख्यतः गुजरात-राजस्थानात निघते. आपली काळी माती तिची जवळची नातेवाईक. दोन्हींत एकाच जातीची चिकणमाती असते, म्हणून तर पावसात फुगून चिकटते आणि उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे बरेच जण विचारतात, शेतातली मातीच का नको? बाहेर मांजरं तीच वापरतात हे खरं. पण ट्रेमध्ये ओली झाली की ती पंजांना लोळागोळा होऊन बसते आणि घरभर पसरते, शिवाय कपाशीच्या शेतात फवारण्या किती होतात ते तुम्हाला सांगायला नको. मांजर पंजे चाटते.

नाल्याची बारीक रेती मांजरांना आवडते, तिला बाहेरच्या मातीचीच सवय असेल तर सुरुवात रेतीने करा. रेती शोषत नाही, शू तळाशी साचते, म्हणून ती वरचेवर पूर्ण बदलावी लागते. आरामशीनचा भुसा चालेल, पण जाडसर, धूळ चाळून काढलेला. भंडारा-गोंदियाकडे धानाचा तूस फुकट मिळतो, पण तो हलका असल्याने उडतो आणि ओल धरत नाही. चुलीची राख नको, ओली झाली की पंजांना आणि कातडीला झोंबते. मी खर्च असा भागवते: घरातल्या ट्रेमध्ये बेंटोनाइट, सपरीत रेती. थर दोन ते तीन इंचांचा. सुगंधी लिटर कधीच नको. जुनं एकदम काढू नका, नव्यावर जुन्यातलं मूठभर टाका.

सफाई दिवसातून दोनदा, नाहीतर एकदा तरी. धुताना साधा साबण आणि गरम पाणी पुरे. फिनाईल आणि पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणारी जंतुनाशकं मांजराच्या शरीराला पचत नाहीत, ती घरातूनच हद्दपार करा. ब्लीचिंग पावडरही नको, शूमधल्या अमोनियाशी मिळून विषारी वायू होतो. चौकटीसाठी एन्झाइमचं, म्हणजे शूचा वास मुळातून घालवणारं क्लीनर मागवा. डाग शोधायला नोटा तपासायची निळी टॉर्च घ्या आणि रात्री दिवे मालवून फिरवा, वाळलेली शू चमकते. ट्रेमधला कचरा वाडीत खोल खड्ड्यात, विहिरीपासून आणि भाजीच्या वाफ्यापासून लांब पुरा. बेंटोनाइट संडासात टाकलं तर फुगून पाईप बंद होतो.

आता सासूबाईंची भीती. ती निराधार नाही, टोक्सोप्लाझ्मा हा जंतू मांजराच्या शीतून पसरतो आणि पोटातल्या बाळाला त्रास देऊ शकतो. पण मांजर तो बहुधा पहिल्यांदा लागण झाल्यावर काही दिवस ते दोन-तीन आठवडेच बाहेर टाकते. शी पडल्यावर त्यातला जंतू लागण करण्याजोगा व्हायला किमान एक दिवस, सहसा एक ते पाच दिवस जातात. म्हणून ट्रे रोज साफ झाला तर धोका फार कमी होतो. पुढचे महिने हे काम तुमच्या यजमानांनी किंवा सासूबाईंनी करावं. तुम्हालाच करावं लागलं तर हातमोजे घाला आणि नंतर साबणाने हात धुवा. मांजरांना कच्चं मांस देऊ नका. हा जंतू अर्धवट शिजलेल्या मटणातून आणि मातीतूनही येतो, त्यामुळे भाजी नीट धुवा, आणि निंदणाला किंवा वाफ्यात हात घालताना हातमोजे हवेतच. मांजरं सोडून आलात तरी माती तिथेच राहणार आहे. तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांना घरात मांजरं आहेत हे सांगा, रक्ताची तपासणी लागेल का ते त्या ठरवतील.

पहिले दोन आठवडे कापसाच्या खोलीतला ट्रे कोण वापरतं ते बघा. म्हातारी असेल तर तो ट्रे हलवायची घाई करू नका. दोघी बहिणींपैकी कोणी असेल तर मला लिहा, मग माजघरातल्या ट्रेची जागा बदलावी लागेल.