कोकणात एखाद्या शहरात जुन्या, ऐतिहासिक वास्तूतल्या हॉटेलात राहण्याचा अनुभव कसा असतो? पैसे वसूल होतात का?

मी कुडाळचा, आणि राहिलो कुठे तर सावंतवाडीच्या राजवाड्यात, म्हणजे घरापासून गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर. बाबांनी ऐकलं तेव्हा पहिला प्रश्न हाच, "घर आसताना हॉटेलात ऱ्हवाक जातस? पैशे जड झाले काय रे?" पण बायको साताऱ्याची, तिला लग्नाच्या वाढदिवसाला समुद्र नको होता, तो दरवेळी होतोच. राजघराण्याने वाड्याच्या आवारातच हॉटेल काढलंय हे तिनेच इन्स्टावर शोधून काढलं, मी इथे जन्मलो तरी मला पत्ता नाही.

आधी एक वाईट अनुभव सांगतो म्हणजे फरक कळेल. दोन वर्षांपूर्वी किनाऱ्यावरच्या एका गावात (नाव नाही घेत) 'हेरिटेज' बोर्ड बघून बुकिंग केलं होतं. जुना म्हणजे फक्त बाहेरचा दरवाजा, आत पीओपीचं सीलिंग, चकचकीत टाइल्स आणि रात्री पावसात उशाशी टप टप, मालक म्हणाला जुनी वास्तू आहे ना साहेब!

सावंतवाडीत तसं नाही. वाडा तिसऱ्या खेम सावंतांच्या वेळचा, त्यांची कारकीर्द 1755 ते 1803. लाल चिऱ्याचं बांधकाम, समोर मोती तलाव, तो 1874 चा. हॉटेलच्या खोल्या अगदी मोजक्या आहेत, त्यामुळे गर्दी नाही पण सुट्टीत आयत्या वेळी मिळतील अशी आशा धरू नका.

पण मला विचाराल तर खोलीपेक्षा पैसे वसूल झाले ते दरबार हॉलमध्ये. तिथे कारागीर बसून गंजिफा, म्हणजे खेळायचे जुन्या पद्धतीचे गोल पत्ते, हाताने रंगवतात, आणि तो काही शो नाही, रोजचं काम आहे. ही कला जवळजवळ संपली होती, इथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी पुंडलिक चितारी नावाच्या म्हाताऱ्या कारागिराकडून शिकून ती परत उभी केली. एक बाई मत्स्यावतार रंगवत होत्या, गोल पान, बिस्किटाएवढं, आणि ब्रश इतका बारीक की खवल्यांच्या रेघा ओढताना त्या श्वास धरून बसायच्या, मग ब्रश उचलला की हुश्श. आम्हीपण नकळत श्वास धरायला लागलो. दशावतारी गंजिफाची 120 पानं, दहा अवतार आणि प्रत्येकाची बारा, राजा, प्रधान आणि एक ते दहा. सगळ्यात भारी म्हणजे दिवसा खेळलात तर ज्याच्याकडे राम त्याची सुरुवात, रात्री कृष्णवाल्याची. बायको लगेच, मग दिवेलागणीला काय करायचं? त्यावर त्या बाई नुसत्या हसल्या.

संध्याकाळी तलावाला फेरी मारली, चितार आळीत लाकडी फळं घेतली (आंबा इतका खरा वाटतो की पुतण्याने चावा घेतला, दात शाबूत आहेत), रात्री बाहेरच कोंबडी वडे नि सोलकढी.

प्रॅक्टिकल गोष्टी सांगायच्या तर सावंतवाडी स्टेशन गावात नाही, बरंच लांब आहे, रात्रीच्या गाडीने येणार असाल तर रिक्षा आधीच सांगून ठेवा. समुद्र हवा असेल तर वेंगुर्ल्याला जावं लागेल, स्विमिंग पूल आणि डीजे हवा असेल तर गोवा जवळच आहे, सरळ तिकडे जा. आणि गंजिफाचा हाताने रंगवलेला सेट स्वस्त नसतो, तिथे घासाघीस करू नका प्लीज, एका पानाला किती वेळ जातो ते समोर बसून बघा आणि मग बोला.

आम्ही पूर्ण सेट नाही घेतला, परवडला नाही. कृष्णाचं एकच पान आणलंय, बाबांनी ते टीव्हीशेजारी ठेवलंय आणि येईल त्याला सांगतात, आमच्या सूनबाईन हाडल्यान.