एक्सेलमधला 'च'

प्रश्न : ताई, नमस्कार. वय 43, सांगलीकडच्या एका बँकेत नोकरीला आहे. चिडचिड आणि छातीत धडधड, म्हणून चार महिन्यांपासून समुपदेशनाला जातो. मॅडमनी रोज ए-बी-सी लिहायला सांगितलंय. वही केली, पण माझं अक्षर मलाच लागत नाही, आणि बायकोच्या हाती पडेल या धास्तीनं निम्मं लिहीतच नाही. शनिवारी मॅडमसमोर बसलो की आठवड्यातलं काही आठवत नाही. 'बरा गेला' म्हणतो नि गप्प बसतो. एक्सेल मला चांगलं येतं. त्यात लिहिलं तर चालेल का, की ॲप घेऊ? मुलगा म्हणतो, ॲपमध्ये आलेख निघतात. आणि रोज तेच उगाळून त्रास वाढणार नाही ना?
– एक वाचक, सांगली

उत्तर : चालेल. दिवसभर ज्याचे हात रकान्यांवर चालतात त्याच्यासाठी एक्सेलइतकं सोयीचं दुसरं काही नाही. नवं ॲप पंधरा दिवस हौसेनं भरलं जातं आणि सोळाव्या दिवशी विसरलं जातं. माझ्याकडे येणाऱ्यांचा हा अनुभव आहे, माझा स्वतःचाही.

ज्यांना ए-बी-सी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास विवेकनिष्ठ मानसोपचाराची मांडणी सुरू केली. एलिसशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून कि. मो. फडके यांनी ती पद्धत आपल्याकडे रुजवली. ए म्हणजे घडलेली घटना. बी म्हणजे त्या घटनेबद्दल आपण मनाशी काय म्हणालो. सी म्हणजे त्यातून उठलेली भावना आणि वागणं. आपण धरून चालतो की ए मुळे सी झालं. एलिस म्हणतात, मधल्या बी कडे बघा.

तर तुमची फाइल. तारीख, वेळ, ए, बी, सी आणि सी चा जोर शून्य ते दहा, एवढे रकाने करा. शेवटी एक रकाना उलटतपासणीसाठी ठेवा, पण तो त्याच दिवशी भरू नका. डोकं तापलेलं असताना माणूस स्वतःची उलटतपासणी घेत नाही, स्वतःची वकिली करतो.

घोटाळा होतो तो ए च्या रकान्यात. तुम्ही लिहाल, 'साहेबांनी सगळ्यांसमोर अपमान केला.' ही घटना नाही. यात तुमचा बी येऊन बसलाय. तुमच्या शाखेत सीसीटीव्ही असेल ना? त्यात जे दिसलं आणि ऐकू आलं असतं तेवढंच ए मध्ये लिहायचं. 'मंगळवार, 11:20. साहेब काउंटरपाशी आले. म्हणाले, हे व्हाउचर परत तपासा. काउंटरबाहेर तीन ग्राहक.' झालं. मग बी मध्ये, 'माझ्याकडून चूक व्हायलाच नको होती. आता सगळे मला बावळट समजणार.' आणि सी मध्ये, 'लाज, धडधड. नंतर शिपायावर ओरडलो. जोर 8.' पहिले आठ-दहा दिवस ए आणि बी ची सरमिसळ होणार. होऊ द्या. शनिवारी मॅडमसमोर ती सोडवत बसणं हेच तर काम आहे, आणि 'बरा गेला आठवडा' म्हणून गप्प बसण्यापेक्षा कितीतरी बरं.

महिनाभरानं मात्र वहीला जे जमत नाही ते करा. बी चा रकाना निवडा, शोधाची खिडकी उघडा आणि टाका 'लाच'. (बँकेत बसून हे करू नका, लोकांचा गैरसमज होईल.) 'करायलाच', 'व्हायलाच', 'समजायलाच' अशा ओळी एकापाठोपाठ एक पुढे येतील. मग 'जेच' शोधा, म्हणजे 'पाहिजेच' सापडेल. पुढे 'कधीच', 'नेहमीच', 'कोणीच'. सापडलेली प्रत्येक नोंद पिवळी रंगवत चला. नुसता 'च' शोधू नका, सगळे चहा आणि चुका गोळा होतील. बोलून टाइप करत असाल तर कधी कधी 'च' सुटा पडतो, तेव्हा 'ला च' असंही एकदा शोधून बघा.

हा उद्योग कशासाठी? एलिस ज्याला दुराग्रह म्हणतात, म्हणजे इच्छेची मागणी होणं, तो इंग्रजीत 'मस्ट' या एका सहायक क्रियापदात राहतो. मराठीत तो एका अक्षराच्या शेपटीत राहतो. 'काम बिनचूक व्हायला हवं' ही इच्छा झाली. 'व्हायलाच हवं' म्हटलं की हट्ट. बोलताना हा 'च' आपल्याला ऐकूच येत नाही. पाहा, आत्ता माझ्याच वाक्यात आला. पडद्यावर चाळीस नोंदींपैकी सव्वीस पिवळ्या झाल्या की डोळ्यांना नाकारता येत नाही. उलटतपासणीचा रकाना आता भरा. 'च' काढून तेच वाक्य पुन्हा लिहा, मोठ्यानं वाचा आणि सी चा जोर बदलतो का बघा. कधी बदलत नाही. तसं असेल तर तसं लिहा.

दुसरी गोष्ट, वेळेच्या रकान्यानुसार नोंदी लावून बघा. माझ्याकडे येणाऱ्या एका शिक्षिकेची (परवानगी घेतली आहे, तपशील बदलले आहेत) ठाम समजूत होती की आपला सगळा राग सासूबाईंमुळे आहे. दीड महिन्याच्या नोंदी वेळेनुसार लावल्या तर सी चा सातच्या वरचा जोर जवळजवळ सगळा संध्याकाळी पाच ते साडेसहामधला. सासूबाई तर दिवसभर घरात असायच्या. बाईंनी सकाळी दहाच्या डब्यानंतर पोटात काही घातलेलं नसायचं. सासूबाईंचा प्रश्न त्यानं सुटला असं नाही, पण शाळेतून निघताना दोन केळी खाल्ली की भांडण निम्म्या आवाजात व्हायला लागलं.

ॲपबद्दल माझी एक जुनी तक्रार आहे. त्यातली भावनांची यादी बहुधा इंग्रजीतून उतरलेली असते. राग, दुःख, चिंता, आनंद आणि सोबत पिवळे चेहरे. हिरमुसलो, हे कुठे नोंदवायचं? घालमेल वेगळी, तगमग वेगळी, हुरहूर तर तिसरीच. तुमच्याकडचं 'डोकं सटकलं' हे 'राग' या शब्दात मावत नाही. सी च्या रकान्यात तुमच्या तोंडात येतो तोच शब्द लिहा. आलेखाचं म्हणाल तर एक्सेल तोही काढून देईल, पण महिन्यातून एकदा बघा. रोज रेघ बघणारी माणसं रेघ वर नेण्यासाठी जगायला लागतात आणि वाईट दिवशी लिहायचं टाळतात.

उगाळण्याची भीती रास्त आहे. जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञानं 1986 मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. विद्यार्थ्यांना आयुष्यातल्या क्लेशदायक अनुभवाबद्दल रोज 15 मिनिटं, सलग चार दिवस लिहायला सांगितलं. लिहून उठल्यावर त्यांना आधीपेक्षा वाईट वाटत होतं. पण पुढच्या काही महिन्यांत, घटना आणि तिच्याबद्दलच्या भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्यातल्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. मला यातली वेळेची मर्यादा मोलाची वाटते. तुम्ही दहा मिनिटांचा गजर लावा, वाजला की फाइल बंद. अंथरुणात लिहायचं नाही. आणि त्याच घटनेची तिसरी नोंद करावीशी वाटली तर लिहू नका, मॅडमना फोन करून सांगा.

आता बायकोची धास्ती. एक्सेलच्या फाइलला उघडण्यासाठी पासवर्ड लावता येतो, लिबरऑफिस या फुकट मिळणाऱ्या संचातही येतो. विसरलात तर फाइल गेली समजा, म्हणून तो कागदावर लिहून तुमच्या एखाद्या कागदपत्रांच्या पाकिटात ठेवा. फाइल बँकेच्या संगणकावर अजिबात नको. तो संगणक तुमचा नाही. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच संदेश पाठवून ठेवायची सवय असेल तर तीही मोडा.

आणि फोनच्या नोंदवहीत लिहिणार असाल तर माझी फजिती ऐका. आईच्या आजारपणात मी रोज रात्री फोनमध्ये लिहायचे. घरात सगळ्यांचं खातं एक, हे माझ्या ध्यानात नव्हतं. एका रविवारी धाकटी भाची टॅबवर चित्रं काढत होती, तिनं विचारलं, 'मावशी, तू आजीला कंटाळलीस का गं?' पहिली ओळ टॅबच्या पडद्यावर ठळक अक्षरात. आई शेजारच्या खोलीत. मी काय उत्तर दिलं ते इथे लिहिणार नाही. त्या दिवसापासून कोणतंही नवं साधन हातात घेतलं की पहिला प्रश्न, हे आणखी कुठे कुठे उमटतं?

बायकोला मात्र सांगून टाका की तुम्ही लिहिता, आणि ते बंद असतं. लपवलेली वही आणि मिटलेली वही यात घरातल्या माणसाला फरक कळतो.

प्रश्न : मी लातूरमध्ये दोन वर्षांपासून समुपदेशन करते. साधारण तीस जण नियमित येतात. नोंदी थोड्या वहीत, थोड्या फोनमध्ये, थोड्या व्हॉट्सॲपवर. एखादं सॉफ्टवेअर सुचवा. सत्र रेकॉर्ड करून एआयकडून सारांश काढून घेणं योग्य का?
– स., लातूर

उत्तर : सॉफ्टवेअरआधी पसारा आवरा. नोंदी दोन तऱ्हेच्या असतात. एक, येणाऱ्या व्यक्तीची अधिकृत नोंद. तारीख, मुख्य तक्रार, काय ठरलं, गृहपाठ, जोखीम आहे का, पुढची वेळ. दुसरी, तुमची स्वतःची. 'आज मला यांचा राग का आला?' ही दुसरी नोंद पहिल्या फाइलमध्ये कधी जाऊ देऊ नका. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलाय आणि स्वतःच्या वैद्यकीय नोंदी बघण्याचाही, काही अपवाद सोडून. समुपदेशक त्या कायद्याच्या व्याख्येत बसतो का हा वाद तूर्त बाजूला ठेवू. पण समोरची व्यक्ती उद्या खांद्यावरून वाचणार आहे असं समजून लिहिलं की 'हटवादी', 'नाटकी' असले शब्द आपोआप गळतात.

नावांऐवजी क्रमांक वापरा. कोणता क्रमांक कोणाचा ही यादी कागदावर, कुलपात. संगणकाची डिस्क कूटबद्ध करा, म्हणजे पासवर्डशिवाय ती वाचता येणार नाही, किंवा वेराक्रिप्टसारख्या मोफत साधनानं एक बंद तिजोरी करून फाइली त्यात ठेवा. आठवड्यातून एकदा तिची प्रत पेनड्राइव्हवर, तोही कपाटात.

हे अति वाटत असेल तर फिनलंडमधल्या वास्तामोचं उदाहरण घ्या. मानसोपचार देणारी मोठी खासगी साखळी. तिथल्या हजारो रुग्णांच्या नोंदी चोरीला गेल्या. 2020 मध्ये चोरानं आधी कंपनीकडे खंडणी मागितली, मग थेट रुग्णांना ईमेल पाठवले, 200 युरो द्या नाहीतर तुमची सत्रं जगजाहीर करतो. कंपनी पुढच्या वर्षी दिवाळखोरीत निघाली, 2024 मध्ये आरोपीला सहा वर्षांवर तुरुंगवास झाला. पण फुटलेल्या नोंदी परत मिटवता येत नाहीत. यातल्या कोणी कधीकाळी अगदी हळू आवाजात जे सांगितलं असेल, ते आज कुठल्या तरी अनोळखी संगणकात आहे.

रेकॉर्डिंग करायचं तर लेखी संमती हवी, आणि संमती देणाऱ्याला 'नाही' म्हणायची खरी मोकळीक हवी. तुमच्यासमोर बसलेला माणूस तुम्हाला नाराज करायला घाबरतो, हे विसरू नका. एआयच्या सारांशाला माझा विरोध गोपनीयतेइतकाच दुसऱ्या कारणानंही आहे. सत्रानंतरच्या दहा मिनिटांत स्वतः लिहिताना आपल्याला कळतं की आपण काय ऐकलं नाही. ती दहा मिनिटं मी कोणाला देणार नाही. दोन वर्षांच्या अनुभवावर तुम्हीही देऊ नका.

प्रश्न : मी पुण्यात हॉस्टेलवर राहते. रात्री चॅटबॉटशी बोलते, त्याला सगळं सांगते. बरं वाटतं. मग समुपदेशकाकडे जायची गरज आहे का?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : तुला बरं वाटतं यावर माझा पूर्ण विश्वास आहे. 1966 मध्ये जोसेफ वायझेनबाउम यांनी 'एलायझा' नावाचा अगदी साधा प्रोग्राम केला होता. तुमचंच वाक्य प्रश्न करून परत द्यायचा, एवढंच. तो बनताना शेजारून बघणारी त्यांची सेक्रेटरीसुद्धा त्याच्याशी थोडं बोलल्यावर म्हणाली, जरा खोलीबाहेर जाता का? ओढ तेव्हापासूनची आहे, आणि आताची यंत्रं कितीतरी गोड बोलतात.

एक करून बघ. पुढचे सात दिवस बॉटला सांगायच्या आधी तेच पाच ओळींत स्वतःच्या फाइलमध्ये लिही, आणि त्यानं काय म्हटलं तेही एका ओळीत. सातव्या दिवशी वाच आणि मोज, तो किती वेळा तुझ्याशी असहमत झाला.

झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, किंवा जगून काय करायचं असं मनात येत असेल तर मात्र सात दिवस थांबू नकोस. टेलिमानस, 14416. सरकारी सेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. रात्री दोन वाजता लावलास तरी चालतो.